मिरजेचे डॉक्टर वानलेस

डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेऊन १८८९ साली ते प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आपल्या देशी आले. प्रथम सांगलीत दवाखाना, मग मिरज, आणि १८९४ साली तेथील रुग्णालय. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

परंतु या कीर्तीमागे त्यांचे खरे मोठे कार्य झाकले गेले, असे मला वाटते. एका शल्यविशारदाचे दोन हात कितीसे पुरणार? हिवताप, हगवण, खरूज, डोळे येणे असल्या नित्याच्या दुखण्यांनी गांजलेला खेड्यातील मनुष्य मिरजेपर्यंत येणार तरी कसा? म्हणून १८९७ साली त्यांनी ख्रिस्ती तरुणांना वैद्यकी शिकविण्यास आरंभ केला. दाराशी रोगी खोळंबलेले असताना शिकविण्यासाठी वेळ काढणे म्हणजे जिवावरचेच काम. तरी त्यांनी ते सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी पुढे ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत सेवेस लागले.

१९२८ साली ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडली. १९३३ साली कॅलिफोर्नियात ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. सांगली-मिरजेच्या दरम्यान, क्षयरोग्यांच्या आरोग्यधामापाशी वसलेली वानलेसवाडी आजही त्यांचेच नाव सांगते.