बालगंधर्व : कॅमेरा आला, पण उशिरा

आम्हा वाडीकरांच्या घरी संगीत नाटकाचा विषय निघाला की बालगंधर्वांचे नाव येतेच. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला तो पुण्या-मुंबईत नव्हे, आपल्या बडोद्यात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी. गडकऱ्यांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. गणपतराव बोडस सुधाकर झाले होते आणि बालगंधर्व सिंधू.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई. शाहू महाराजांनी उपचारासाठी मिरजेला पाठवले आणि त्याच मिरजेत १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले. १२ मार्च १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. तरी प्रयोग रद्द झाला नाही, भामिनी रंगमंचावर आली.

१९१३ मध्ये त्यांनी गोविंदराव टेंबे आणि बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे या मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले यांनीही बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांकडे तालीम घेतली होती. भास्करबुवांच्या चालींवर १९१६ मध्ये 'स्वयंवर' उभे राहिले आणि रुक्मिणी घरोघरी पोचली. एकेका पदाला अनेक वन्समोअर मिळत, पद दरवेळी नव्याने फुले आणि नाटक पहाटेपर्यंत चाले.

पण ती रुक्मिणी आणि ती सिंधू कॅमेऱ्याने कधी पाहिलीच नाही. तेव्हाचा चित्रपट मुका होता. युरोपातही हेच झाले. इटलीचा थोर गायक कारुसो १९१८ मध्ये चित्रपटात दिसला, पण मुक्या पडद्यावर, गळ्याविना. रशियाच्या शाल्यापिनला पडद्यावर गाता आले, पण १९३३ मध्ये, साठीला आल्यावर.

आपल्याकडे बोलपट १९३१ मध्ये आला आणि त्याने नाटकांचा प्रेक्षक ओढून नेला. उंची शालू, अत्तरे, थाटाचे पडदे यांवर हात सैल सोडणाऱ्या मंडळीवर कर्ज चढले होते. ज्याने प्रेक्षक नेला त्याच बोलपटाकडे अखेर बालगंधर्वांना जावे लागले. आम्ही आयुष्यभर बँकेत खाती पाहिली. कर्जापायी माणसाला नको त्या दारात उभे राहावे लागते, हे आम्हाला नवे नाही.

१९३५ मध्ये प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' काढला. त्याचे आधीचे नाव 'महात्मा' होते, सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते बदलले. बालगंधर्व त्यात संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुष भूमिकेत. संगीत त्यांचेच गुरुबंधू मास्तर कृष्णराव यांचे होते. तरी स्टुडिओत वन्समोअर देणारे कुणी नव्हते, पद मोजक्या मिनिटांत संपवायचे होते. १९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले. तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. नाट्यगृहात प्रेक्षक आणि रुक्मिणी यांच्यात दिव्यांचे अंतर असे, कॅमेरा मात्र चेहऱ्याजवळ जातो. चित्रपट चालला नाही. ते रंगभूमीकडे परतले.

पुढची वर्षे कष्टाची गेली. पाय निकामी झाले, पण गाणे सुटले नाही. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात ते गेले.

आता आमची नातवंडे मोबाइलवर जुनी चित्रे पाहतात आणि विचारतात, आजोबा, यात एवढे काय होते? आम्ही त्यांना आधी ध्वनिमुद्रिका ऐकवतो, त्याही डोळे मिटून, आणि चित्र नंतर दाखवतो. मग प्रश्न बदलतो, हे बडोद्यात कुठे गायले, असे विचारतात.

एक विनंती. वाडीतल्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या ट्रंकेत, एखादे हँडबिल, पदांचे पुस्तक किंवा तबकडी असेल, तर रद्दीत घालू नका. ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांपैकी आता कुणी उरले नाही. कॅमेऱ्याने जे टिपले नाही, त्याचा एवढाच पुरावा आपल्या हाती आहे.