विश्लेषण : जेम्स वॅट यांच्या इंजिनाची गळती कोणी थांबवली?

इंजिन खोलले की ब्लॉक बोअरिंगला का जातो? सिलिंडर झिजून गोलाई बिघडते, रिंग नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळते. अशीच गळती जेम्स वॅट यांना नडली होती. १७६९ मध्ये पेटंट मिळाले, पण अचूक गोल सिलिंडर मिळेना.

तोडगा कोणाचा?

ओतकाम करणाऱ्याच्या घरात जन्मलेले इंग्लंडचे कारखानदार जॉन विल्किन्सन (१७२८-१८०८) यांचा. तोफा कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १७७४ मध्ये घेतले. ते १७७९ मध्ये रद्द झाले. सिलिंडरसाठी मात्र त्यांनी कापणीचा दांडा आरपार नेऊन दोन्ही टोकांना आधार दिला. दांडा लवणे थांबले. १७७६ मध्ये वॅट यांची इंजिने कामाला लागली.

लोखंडवेड्या विल्किन्सन यांचे दफनही लोखंडी शवपेटीतच झाले. रीबोअरचे पैसे आजही त्याच गोलाईसाठी मोजावे लागतात.