लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर, प्रचलित नाव लिओ फेंडर (१० ऑगस्ट १९०९ – २१ मार्च १९९१), हे अमेरिकन संशोधक व वाद्यनिर्माते होते. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या विद्युत गिटारींमुळे त्यांचे नाव जगभर झाले. तितकेच मोलाचे, परंतु सामान्य वाचकास कमी परिचित असलेले त्यांचे कार्य ध्वनिवर्धकांच्या क्षेत्रातील आहे. स्वतः त्यांना गिटार वाजवता येत नसे.

पूर्वायुष्य

फेंडर यांचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ॲनाहाइम व फुलर्टन या गावांच्या परिसरातील शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षी गाठीमुळे त्यांना डावा डोळा गमवावा लागला. विजेच्या उपकरणांची गोडी त्यांना एका नातेवाइकाच्या दुकानात लागली. शिक्षण मात्र हिशेबनिसाचे झाले व काही वर्षे त्यांनी तीच नोकरी केली. मंदीच्या काळात नोकरी सुटल्यावर १९३८ मध्ये कर्ज काढून त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. दुरुस्तीस येणाऱ्या वस्तूंत वादकांचे ध्वनिवर्धकही असत. त्यांतील दोष हाताळता हाताळताच पुढील कार्याचा पाया घातला गेला.

ध्वनिवर्धक

१९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत व पुढील वर्षी स्वतंत्रपणे त्यांनी निर्मिती सुरू केली. त्या काळी ध्वनिवर्धक निर्वात नलिकांवर चालत. आपल्याकडे यांनाच व्हॉल्व्ह म्हणत. ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ वापरला आहे त्यांना बटण फिरवल्यानंतर नलिका तापून आवाज येईपर्यंतची ती प्रतीक्षा आठवत असेल.

गिटारच्या पिकअपमधून निघणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. प्रीॲम्प हा पहिला टप्पा त्याचा व्होल्टेज वाढवतो व स्वराला वळण देतो. पॉवर ॲम्प हा अंतिम टप्पा कर्णा हलविण्याइतकी शक्ती पुरवतो. दोहोंची जोडी नीट जमणे महत्त्वाचे असते. प्रीॲम्पमध्येच स्वर पुरेसा घडला असेल, तर पुढे भरपूर राखीव शक्तीचा, स्वच्छ पॉवर ॲम्प लागतो. अन्यथा अंतिम टप्पा लवकर फाटू लागून वळणाला आपला रंग देतो. फेंडर यांच्या चॅम्प या लहान संचात ६व्ही६ जातीची एकच नलिका होती. ट्विन रिव्हर्बमध्ये ६एल६ जातीच्या चार नलिका असून त्याची शक्ती ८५ वॅट होती. नलिकांच्या पॉवर ॲम्पला कर्ण्याचा रोध जुळवावा लागतो आणि कर्णा न जोडता तो चालवल्यास ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. वापरणाऱ्याने एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

फेंडर यांचा आग्रह स्वच्छ स्वराचा होता. वादकांनी मात्र तेच संच मर्यादेपलीकडे वाढवून फाटका, रांगडा नाद काढला व तो लोकप्रिय केला. निर्मात्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या वस्तूची कीर्ती व्हावी, असा हा प्रकार आहे. बास गिटारसाठी घडवलेल्या बासमन या संचाचे परिपथ आधाराला घेऊन लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या आरंभी जेटीएम-४५ तयार झाला. पुढे मार्शल संचांत ईएल३४ ही नलिका रूढ झाली.

विक्री आणि म्युझिक मॅन

प्रकृती ढासळल्यामुळे फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. नव्या मालकांनी १९६६ मध्ये पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारे संच बाजारात आणले. ते वादकांच्या पसंतीस उतरले नाहीत. ट्रान्झिस्टर मर्यादेला पोहोचला की स्वर एकदम कापतो, नलिका तो हळूहळू दाबते. हा भेद वादकाच्या बोटांना लगेच जाणवतो.

फेंडर १९७५ मध्ये म्युझिक मॅन या कंपनीचे अध्यक्ष झाले. तिच्या संचांत ट्रान्झिस्टरयुगातील प्रीॲम्प व नलिकांचा पॉवर ॲम्प अशी जोडी होती. परिपथरचना मुख्यतः टॉम वॉकर यांची होती. पहिल्या टप्प्यात नलिकांची खरखर व देखभाल टळली आणि जेथे नलिकांचा गुण खरोखर कामी येतो तेथे त्या राखल्या गेल्या. या निवडीमागची व्यवहारबुद्धी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराची वाटते. एरिक क्लॅप्टन यांनी हे संच वापरले. १९७६ च्या स्टिंगरे बासमध्ये तर बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प वाद्यातच बसवला होता.

अखेरची वर्षे

यानंतर जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनी स्थापन केली. पत्नी एस्थर यांचे १९७९ मध्ये निधन झाले. १९८० मध्ये त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. कंपवाताने ग्रासले असतानाही ते अखेरपर्यंत कारखान्यात जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये त्यांचा समावेश रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला.