मुळगावकरांचा स्प्रे

आमच्या इंद्रवेल्ली, उटनूर, आदिलाबाद भागातल्या जुन्या मराठी घरांत देवघराच्या वर काचेची एखादी फ्रेम अजूनही दिसते. आत गणपती, लक्ष्मी नाहीतर दत्त. चेहरा गोड, दागिने झळाळणारे, आणि डोक्यामागचं तेजोवलय असं की ते कुठे संपतं हे बोट ठेवून दाखवता येत नाही. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. उदबत्तीच्या धुराने काच काळवंडलेली, त्यामुळे वर्षानुवर्षं हात जोडूनही ती सही आपण वाचलेली नसते. अशा कितीतरी चित्रांखाली रघुवीर मुळगावकर हे नाव आहे. गणेशोत्सवाच्या या अंकात त्यांची आठवण काढावी, असं आम्हाला वाटलं.

रघुवीर शंकर मुळगावकर यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९१८ रोजी गोव्यातल्या अस्नोड्याचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. चित्रांवर पोट भरायचं तर मुंबई गाठणं भाग होतं, आणि त्यांनी तरुणपणीच ती गाठली. तिथे एस. एम. पंडित यांचा सहवास त्यांना लाभला. पंडित गुलबर्ग्याचे, म्हणजे आपल्या आदिलाबादसारखेच निजामाच्या राज्यातले. सिनेमाची पोस्टरं आणि पौराणिक चित्रं यांत पंडितांचा हात धरणारे थोडे होते. मुळगावकर त्यांना गुरू मानत. त्यांचं खरं शिक्षण हे असं, काम करता करता झालेलं.

मुंबईत तेव्हा जाहिराती, सिनेमा आणि कॅलेंडरं यांचा धंदा वाढत होता आणि त्याला चकचकीत, मऊ रंगांची चित्रं हवी होती. त्यासाठी चित्रकारांच्या हाती एक यंत्र आलेलं होतं. इंग्रजी नाव एअरब्रश, पण आपल्याकडे सगळे त्याला स्प्रेच म्हणतात. मुळगावकरांचं नाव या स्प्रेशी कायमचं जोडलं गेलं.

आम्ही डिप्लोमावाले. आम्हाला चित्राआधी यंत्र दिसतं, तेव्हा थोडं विषयांतर चालवून घ्यावं. अमेरिकेत अब्नर पीलर नावाच्या माणसाने १८७९ च्या सुमारास घरातल्या साध्यासुध्या वस्तू जोडून असलं पहिलं साधन बनवलं. त्याचा पहिला उपयोग फोटोंवर हात फिरवून ते सुधारण्यासाठी झाला. पुढे १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिकने त्याला पेनासारखा आकार दिला, तोच आजही चालतो. आत एक बारीक लांब सुई असते, तिचं टोक नोझलच्या छिद्रात बसतं. वरचा खटका खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई मागे सरकते आणि रंग सुटतो. रंग दुधाइतका पातळ लागतो. जरा दाट झाला की नोझल तुंबतं आणि कागदावर शिंतोडे उडतात. एका बोटाने दाबायचं आणि त्याच बोटाने ओढायचं, शिवाय हात कागदापासून किती लांब यावर रेघ केसाएवढी येणार की ढगाएवढी हे ठरतं. हे अंगवळणी पडायला वर्षं जातात.

आता यातली खरी अडचण. रंगाची वाटी पेनावरच बसते, ताबा बोटात असतो, पण हवा कुठून आणायची? तीन बोटांत मावणारं हे हत्यार रबरी नळीने कॉम्प्रेसरला नाहीतर टाकीला बांधलेलं असतं. चित्रकाराला दर चौरस इंचाला साधारण २० ते ३० पौंड दाब पुरतो, म्हणजे मोटारीच्या टायरएवढाच. म्हणून तर काही कारागीर स्टेपनीच्या हवेवरही काम भागवतात. हवा, रंग आणि ताबा, सगळं हातातच मावावं यासाठी खटपटी पुष्कळ झाल्या. चित्रकलेच्या तासाला फिक्सेटिव्ह मारायला दोन नळ्यांची फुंकणी असते, ती खिशात मावते. एका नळीतून फुंकलं की दुसरीतून द्रव आपोआप वर चढतो आणि त्याचा फवारा होतो. पण फुंकर एकसारखी राहत नाही आणि थुंकीही उडते. डासांवर मारायचा फ्लिटचा पंप हातातच मावतो, पण त्याचा फवारा धापा टाकत येतो. गॅसचा डबा घेतला तर वापरता वापरता तो गार पडतो आणि दाब उतरतो. हवा सलग हवी तर ती कुठेतरी साठवावी लागते, आणि साठवायची म्हटली की वजन आलं, जागा आली. म्हणून हा ब्रश खोलीला बांधलेला राहिला.

अशा बांधलेल्या हत्याराने काढलेली चित्रं मात्र कुठच्या कुठे पोचली. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून देवांची चित्रं सामान्यांच्या घरी नेली होती. मुळगावकरांच्या पिढीने तीच वाट कॅलेंडरांच्या रूपाने पुढे नेली. दुकानदाराने फुकट दिलेलं कॅलेंडर वर्ष संपल्यावर कोण फेकतो? तारखांचा भाग कापायचा, चित्राला फ्रेम करायची. नागोबाच्या जत्रेत किंवा आठवडी बाजारात वेगळी तसबीर घ्यायला पैसे नसले तरी देव घरात यायचा. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. किनवट-राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण इकडे राहिलो. शाळेतली भाषा बदलली, कचेरीतली बदलली. भिंतीवरचा गणपती मात्र तिकडे आणि इकडे एकच राहिला, आणि तो गोव्याच्या एका चित्रकाराच्या हातचा होता. आम्हाला हे मोठं वाटतं.

देवांखेरीज त्यांनी पुस्तकांची आणि मासिकांची मुखपृष्ठं अमाप केली. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा ज्यांनी चोरून वाचल्या आहेत, त्यांना त्यांवरची चित्रं कथेपेक्षा जास्त आठवत असतील. त्याच काळात गोव्याचेच दीनानाथ दलाल मुंबईत काम करत होते. दलालांची रेषा बोलकी, मुळगावकरांचा रंग मऊ. घराघरांत यावरून दोन पक्ष असत.

जाणकार म्हणवणाऱ्यांनी मुळगावकरांना बराच काळ बाजूला ठेवलं. ही कॅलेंडरची चित्रं, यंत्राने गुळगुळीत केलेली, असा सूर असे. त्यात थोडं तथ्य आहे. त्यांच्या लक्ष्मी आणि राधा सख्ख्या बहिणी वाटतात, आणि कधी कधी गोडवा जास्तच होतो. पण यंत्राने चित्र होतं हे आम्ही मानत नाही. स्प्रे मारायच्या आधी आकृती पेन्सिलने नेमकी बांधावी लागते. मग जिथे रंग नको तो भाग कापलेल्या कागदाने झाकायचा, फवारा मारायचा, झाकण काढायचं, दुसरीकडे ठेवायचं. डोळे, बोटं, मोत्यांवरची चमक शेवटी साध्या ब्रशनेच येते. रेखाटन कच्चं असेल तर फवाऱ्याने ते लपत नाही, उलट फुगलेल्या बाहुलीसारखं दिसतं. ट्रकच्या मागे रंगवलेले देव पाहिले की हे पटतं. मुळगावकरांच्या गणपतीची सोंड वळते तिथे आत वजन आहे असं वाटतं. ते वजन पेन्सिलचं.

३० मार्च १९७६ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी ते गेले. त्यानंतर छपाई बदलली, आणि आता देवांची चित्रं संगणकावर होतात. गंमत म्हणजे हवा, रंग आणि ताबा एकाच मुठीत आणणारा एअरब्रशही आता मिळतो. मुठीतच छोटा पंप आणि चार्जिंगची बॅटरी. साठवणीची टाकी नसल्याने त्याची हवा थोडी थरथरते, आणि बॅटरीमुळे तो तासाभरात हाताला जड लागतो, पण मूर्तीच्या गालावर लाली मारायला पुरतो. गणपतीच्या दिवसांत आपल्या भागातले मूर्तिकारही तो घेऊन बसलेले दिसू लागले आहेत.

घरात जुनी फ्रेम असेल तर एकदा खाली काढा. काच बाहेरून कोरड्या कापडाने पुसा, चित्राला पाणी लावू नका. मागचा पुठ्ठा ओलसर असेल तर बदला. सही बहुधा उजव्या नाहीतर डाव्या कोपऱ्यात तळाशी सापडेल.