विद्युच्छास्त्रज्ञ मायकेल फॅरडे

बॅटरीला तारा जोडून लहानसा दिवा लावावा, घंटा वाजवावी किंवा एखादें चिमुकलें यंत्र फिरवावें, असा छंद आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांस आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ह्या छंदांत एक प्रसंग हटकून येतो. सर्व जोडणी पुस्तकांतील आकृतीबरहुकूम केलेली असते आणि तरीहि दिवा लागत नाहीं. अशा वेळीं कोणी रागानें तारा ओढून काढतो, कोणी सारें सामान माळ्यावर टाकून देतो, तर कोणी नशिबास दोष देतो. न लागलेला दिवाहि आपला शिक्षक कसा होऊं शकतो, हें ज्याच्या चरित्रावरून उत्तम कळतें, अशा एका थोर पुरुषाची ओळख आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देत आहों.

मायकेल फॅरडे ह्याचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहराजवळील न्यूइंग्टन ह्या ठिकाणीं झाला. त्याचा बाप लोहार असून त्याची प्रकृति नेहमीं नादुरुस्त असे. त्यामुळें घरांत दारिद्र्य होतें. १८०१ सालीं धान्याची महागाई झाली, तेव्हां मायकेलच्या वांट्यास आठवड्याला एकच पाव येत असे. वाचन, लेखन व थोडा हिशेब ह्यांपलीकडे त्याचें शालेय शिक्षण झालें नाहीं. १८०४ सालीं रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानीं तो वर्तमानपत्रें पोंचविणारा पोऱ्या म्हणून राहिला आणि पुढच्या वर्षीं तेथेंच पुस्तकबांधणीचें काम शिकणारा उमेदवार झाला.

उमेदवारीच्या सात वर्षांत त्यानें पुस्तकें नुसतीं बांधलीं नाहींत, तर तीं वाचलींहि. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका ह्या ज्ञानकोशांतील विजेवरील लेख आणि मार्सेटबाईंचें रसायनशास्त्रावरील पुस्तक ह्यांची त्याच्या मनावर फार छाप पडली. परंतु वाचलेल्या गोष्टीवर तसाच विश्वास ठेवून स्वस्थ बसणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. पदरच्या चार पैशांत जे प्रयोग करतां येण्यासारखे होते, ते तो स्वतः करून पाही. एका कांचेच्या बाटलीपासून त्यानें घर्षणानें वीज उत्पन्न करणारें यंत्र बनविलें. १८१२ सालीं त्यानें जस्ताच्या सात लहान चकत्या कापल्या, तांब्याचीं अर्ध्या पेनीचीं सात नाणीं घेतलीं, मध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले सहा कागद घातले आणि आपली पहिली बॅटरी सिद्ध केली. तिच्या साह्यानें मॅग्नेशियम सल्फेट ह्या क्षाराचें पृथक्करण करून दाखवितांना त्यास झालेला आनंद राजवैभवानेंहि झाला नसता.

त्याच वर्षीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास सर हंफ्रे डेव्ही ह्या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें तीं व्याख्यानें एकाग्र चित्तानें ऐकलीं, त्यांचीं सविस्तर टिपणें आकृतींसह उतरून काढलीं, स्वतःच्या हातानें त्यांचें पुस्तक बांधलें आणि डेव्हीसाहेबांकडे नोकरीच्या विनंतीसह पाठवून दिलें. ता. १ मार्च १८१३ रोजीं रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंत आठवड्यास २५ शिलिंग वेतन आणि राहावयास दोन खोल्या, अशा अटींवर त्याची प्रयोगशाळेंतील साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. पुस्तकें बांधणारा हात तेव्हांपासून उपकरणें बांधूं लागला.

१८२० सालीं डेन्मार्क देशांतील ओर्स्टेड ह्या पंडितास असें आढळून आलें कीं, विजेचा प्रवाह वाहणारी तार जवळ आणली असतां चुंबकसूची वळते. पुढच्याच वर्षीं फॅरडेनें पाऱ्याच्या भांड्यांत टांगलेली तार चुंबकाभोंवतीं सतत फिरती ठेवून दाखविली. विजेच्या मोटारीचें हें अगदीं पहिलें बालरूप होय. आतां त्याच्या मनांत उलट प्रश्न उभा राहिला. विजेपासून चुंबकत्व मिळतें, तर चुंबकत्वापासून वीज कां मिळूं नये?

ह्या प्रश्नानें त्यास सुमारें दहा वर्षें चकविलें. १८२५ सालीं त्यानें दोन तारा शेजारीं शेजारीं ठेविल्या व त्यांमध्यें केवळ कागदाचें अंतर राखिलें. एकींत बॅटरीचा प्रवाह सोडला आणि दुसरी विजेचा प्रवाह ओळखणाऱ्या सुईस जोडली. सुई हालली नाहीं. इतर रीतींनीं केलेले प्रयत्नहि फसले. हे सर्व निष्फळ प्रयोग त्यानें टिपणवहींत यथास्थित नोंदून ठेविले. लज्जास्पद म्हणून त्यानें एकहि गाळला नाहीं.

ह्याच सुमारास जिनीव्हा येथील कोलॅडॉन नांवाचा तरुण शास्त्रज्ञ त्याच शोधाच्या मागें होता. आपल्या मोठ्या चुंबकाचा परिणाम सुईवर प्रत्यक्ष होऊं नये, म्हणून त्यानें सुई दुसऱ्या खोलींत ठेविली होती. तारेच्या वेटोळ्यांत चुंबक घालून तो त्या खोलींत जाई, तों सुई पुन्हा स्थिर झालेली असे. त्यानें घेतलेली खबरदारी योग्यच होती. परंतु जी गोष्ट क्षणभरच घडते, ती पाहण्यास त्या क्षणीं तेथें डोळा नव्हता.

ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं फॅरडेनें सहा इंच व्यासाचें मऊ लोखंडाचें एक कडें घेतलें. त्याच्या दोन बाजूंस त्यानें तांब्याच्या तारेचीं दोन निरनिराळीं वेटोळीं गुंडाळलीं. त्या काळीं आवरण घातलेली तार आजच्यासारखी विकत मिळत नसे. म्हणून वेढ्यावेढ्यांमध्यें दोरा व थरांमध्यें सुती कापड घालून त्यानें ते एकमेकांपासून अलग राखिले. एक वेटोळें बॅटरीस जोडावयाचें होतें. दुसऱ्याची तार त्यानें कड्यापासून तीन फूट दूर ठेविलेल्या चुंबकसूचीवरून नेली. बॅटरी जोडतांच सूची हालली, डोलली आणि पूर्वस्थितीस आली. प्रवाह चालू असतां ती निश्चल राहिली. बॅटरी तोडतांच ती पुन्हा हालली.

मागील अपयशाचें मर्म आतां उघड झालें. फॅरडे स्थिर प्रवाहापासून स्थिर प्रवाहाची अपेक्षा करीत होता. पण निसर्गाचा नियम निराळा होता. चुंबकत्व बदलत असेल, तेव्हांच दुसऱ्या तारेंत वीज उत्पन्न होते. उपकरण बिघडलेलें नव्हतें, तर प्रश्न विचारण्याची रीत चुकत होती.

दुसरा एखादा माणूस एवढ्या यशानें हुरळून गेला असता. फॅरडे मात्र एक एक वस्तु काढून पाहूं लागला. लोखंड काढलें, तरी परिणाम अंधुकसा उरलाच. मग त्यानें बॅटरीहि काढली. ता. १७ ऑक्टोबर रोजीं त्यानें तारेच्या पोकळ वेटोळ्यांत नुसता लोहचुंबक झटकन आंत सारला आणि सुई हालली. बाहेर काढला, तों ती उलट दिशेस हालली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तांब्याची तबकडी फिरवून त्यानें वाहता प्रवाह मिळविला. जगांतील पहिला डायनामो तो हाच. आपल्याकडे १९१५ सालीं खोपोली येथील टाटांच्या केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली, तीहि ह्याच नियमाच्या बळावर.

फॅरडेच्या नोंदवह्या हें त्याच्या चिकाटीचें खरें स्मारक होय. १८३२ सालापासून त्यानें आपल्या प्रयोगांच्या परिच्छेदांस अनुक्रमांक घालण्यास आरंभ केला व १८६० पर्यंत ते १६,०४१ झाले. यश व अपयश त्यांत एकाच शाईनें लिहिलें आहे. १८२० नंतरच्या दशकांत दुर्बिणीसाठीं उत्तम कांच बनविण्याच्या कामांत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं आणि तें काम म्हणावें तसें फळास आलें नाहीं. तरीहि त्यानें त्या जड कांचेचे तुकडे जपून ठेविले. १८४५ सालीं चुंबकाचा प्रकाशावर कांहीं परिणाम होतो काय, हें पाहतांना इतर पदार्थ निरुपयोगी ठरले आणि ह्याच कांचेनें त्यास होकारार्थी उत्तर दिलें. १८६२ सालीं केलेल्या अखेरच्या प्रयोगांत ज्योतीच्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम त्यास आढळला नाहीं. तेंहि त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें. पुढें १८९६ सालीं हॉलंडमधील झीमन ह्यानें फॅरडेचा हा प्रयत्न ठाऊक असल्यामुळेंच अधिक सूक्ष्म उपकरणांनीं तो प्रयोग पुन्हा केला आणि तो यशस्वी झाला. ज्या शोधासाठीं झीमनला १९०२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्याचें बीज एका निष्फळ प्रयोगाच्या नोंदींत होतें.

एवढी कीर्ति मिळूनहि फॅरडे साधा व देवभीरु राहिला. सँडेमनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा तो आमरण सभासद होता. सृष्टि ही परमेश्वराची कृति असल्यामुळें तिचे नियम नम्रपणें विचारून घ्यावे, आपली इच्छा तिच्यावर लादूं नये, अशी त्याची धारणा होती. सरदारकी व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यानें नाकारलें. मुलांसाठीं मात्र त्यास नेहमीं सवड असे. नाताळच्या सुटींत त्यानें त्यांच्याकरितां एकूण १९ व्याख्यानमाला दिल्या. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथील घरीं, आपल्या खुर्चींत बसलेला असतां, त्याची प्राणज्योत शांतपणें मालवली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमचा दिवा लागला नाहीं, तर सामान माळ्यावर टाकूं नका. आधीं बॅटरी पाहा, मग प्रत्येक सांधा पाहा. एलईडी दिवा उलटा जोडला गेला असेल, तर तो लागणार नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवा. एका वेळीं एकच बदल करा, नाहींपेक्षां दोष नेमका कशांत होता हें कळणार नाहीं. काय केलें व काय घडलें, तें वहींत लिहा. कांहींच घडलें नाहीं, तर तेंहि लिहा. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाच्या टेबलावर विस्कटलेल्या तारा दिसल्या, तर त्यास पसारा म्हणून लगेच आवरावयास लावूं नये; दिवा लागला काय, असें विचारण्याऐवजीं तो कां लागला नाहीं, एवढेंच प्रेमानें विचारावें. लोहाराच्या ज्या मुलानें दहा वर्षें हा प्रश्न स्वतःस विचारला, त्याच्या चिकाटीमुळें आज आपलीं घरें उजळलीं आहेत.