आकाशाकडे जाणारी वाट : डॉ. होमी भाभा

आपल्या पालघर जिल्ह्यात डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव निघाले की तारापूरचे अणुविद्युत केंद्र डोळ्यांसमोर येते. त्यांच्या कार्याची दुसरी, आकाशाकडे जाणारी वाटही डहाणू-तलासरीच्या पाड्यांतील मुलामुलींना ठाऊक व्हावी, म्हणून आम्ही हा अल्प परिचय देत आहोत.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. घरच्यांच्या इच्छेनुसार ते केंब्रिजला अभियांत्रिकी शिकले. मन मात्र भौतिकशास्त्रात रमले. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणात कणांचा वर्षाव कसा घडवितात, याची उपपत्ती त्यांनी १९३७ साली हाइटलर यांच्यासह मांडली. १९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आले असता महायुद्ध भडकले आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी तेथील संशोधक फुग्यांना उपकरणे बांधून उंच आकाशात सोडू लागले.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचा अंत झाला. तारापूरची वीज १९६९ साली सुरू झाली. ती त्यांना पाहता आली नाही.

१९७० साली सोडलेल्या उहुरू उपग्रहाच्या निरीक्षणांतून दीर्घिकासमूहांतील मोकळी वाटणारी जागा रिकामी नसल्याचे दिसून आले. तेथे कोट्यवधी अंश तापमानाचा, अत्यंत विरळ वायू पसरलेला असून त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. आपले वातावरण हे किरण अडविते. म्हणून उपकरणे वर न्यावी लागतात. भाभांच्या संस्थेची फुग्यांपासून निघालेली वाट पुढे ॲस्ट्रोसॅटपर्यंत पोहोचली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या या भारतीय उपग्रहावरील क्ष-किरण दुर्बीण त्याच संस्थेच्या पुढाकाराने घडली. अशा तप्त वायूचे किरण तिला टिपता येतात.

भाभांना घरची समृद्धी लाभली होती. आपल्या बहुसंख्य मुलांना ती नाही. हे अंतर शाळेने आणि समाजाने मिळून भरून काढायचे आहे. पालकांनी वीटभट्टीच्या हंगामात मुलांना वसतिगृहातून नेऊ नये, माजी विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेसाठी हात पुढे करावा, ही आमची कळकळीची विनंती. कुलाब्याची ती संस्था, डहाणूची लोकल जेथे थांबते त्या चर्चगेटपासून फार दूर नाही. तेथवर आपली मुले पोहोचावीत, हेच भाभांना खरे अभिवादन ठरेल.