गर्टीनं अर्धं सोडलेलं गणित

बस सुटतेय म्हणून तुम्ही जीव खाऊन धावता. सकाळपासून पोटात काही नाही, तरी पाय पळतात. कारण स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते आणि गरज पडली की ती झटकन सुटी होते. पण आता साखर सोडा, आता बस करा, हा निरोप स्नायूतल्या पेशीला कळतो कसा? या साखरेमागे एका बाईनं अख्खं आयुष्य घातलं. तिचं नाव गर्टी कोरी.

१५ ऑगस्ट १८९६ रोजी प्रागमधल्या ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. वडील रसायनतज्ज्ञ, साखर कारखाने सांभाळणारे. गर्टीला डॉक्टर व्हायचं होतं, पण मुलींच्या शाळेत मेडिकलला लागणारं लॅटिन आणि विज्ञान धड शिकवतच नसत. पठ्ठीनं अनेक वर्षांचा अभ्यास साधारण वर्षभरात उरकला आणि १९१४ मध्ये मेडिकलला प्रवेश मिळवला. तिथेच तिला वर्गमित्र कार्ल कोरी भेटला. १९२० मध्ये दोघं डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी लग्नही केलं.

पहिल्या महायुद्धानंतरचा युरोप उपाशी होता. व्हिएन्नाच्या मुलांच्या हॉस्पिटलात काम करताना निकस जेवणामुळे गर्टीच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. ज्यूंविषयीचा द्वेषही वाढत होता. १९२२ मध्ये दोघांनी अमेरिकेतलं बफेलो गाठलं.

तिथे वेगळंच दुखणं. नवरा-बायकोनं एकत्र संशोधन करणं वरिष्ठांना खपत नव्हतं. कार्लबरोबरचं काम थांबव, नाहीतर नोकरी जाईल, असा दम तिला मिळाला. एका विद्यापीठानं तर कार्लला नोकरी देऊ केली ती गर्टीबरोबर काम न करण्याच्या अटीवर, आणि तू नवऱ्याच्या करिअरच्या आड येतेयस असं तिलाच ऐकवलं. कार्लनं ती नोकरी नाकारली. १९३१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं दोघांनाही घेतलं, पण कार्ल विभागप्रमुख आणि गर्टी नाममात्र पगारावरची संशोधन सहायक. प्रोफेसर व्हायला तिला १९४७ साल उजाडावं लागलं.

पण लॅब जोरात चालली. १९३६ मध्ये ग्लायकोजेन फुटताना तयार होणारं ग्लुकोज-१-फॉस्फेट त्यांना सापडलं. पाठोपाठ ते फोडणारं एन्झाइम, फॉस्फोरिलेज, हाती आलं. इथेच खरी गंमत होती. या एन्झाइमची दोन रूपं दिसली. ‘ए’ आपोआप काम करणारं, ‘बी’ मदतीशिवाय ढिम्म न हलणारं. फरक कशामुळे? ‘ए’ला मदतनीस रेणू आधीच चिकटलेला असावा, असा कोरींचा अंदाज होता. तो रेणू शोधूनही ‘ए’मध्ये सापडला नाही. गणित अर्धंच राहिलं.

१९४७ मध्ये नोबेल मिळालं, कार्ल आणि अर्जेंटिनाच्या बर्नार्डो उसाय यांच्यासह. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी गर्टी पहिली स्त्री. पण त्याच सुमारास तिला मायलोफायब्रोसिस झाल्याचं कळलं. यात अस्थिमज्जेत तंतू माजतात आणि रक्त तयार होणं मंदावत जातं. त्यानंतर ती दहा वर्षं जगली, वारंवार रक्त घेत, ऑफिसात खाट टाकून. त्याच अवस्थेत १९५२ मध्ये कोरींनी दाखवलं, की लहान मुलांच्या यकृतात ग्लायकोजेन साचून राहण्याच्या एका आनुवंशिक आजारात एक ठरावीक एन्झाइमच नसतं.

अर्धं गणित सोडवलं तिच्याच लॅबमध्ये शिकलेल्या एडविन क्रेब्सनं. सिएटलमध्ये एडमंड फिशरबरोबर १९५५ मध्ये त्यानं दाखवलं, की ‘बी’चं ‘ए’ होतं ते एटीपीमधला फॉस्फेट त्याला चिकटवल्यामुळे. चिकटवणारं एन्झाइम म्हणजे कायनेज. फॉस्फेट लागला की स्विच ऑन, दुसऱ्या एन्झाइमनं तो काढला की ऑफ. काही प्रथिनांत नेमकं याच्या उलटं. तुम्ही बसमागे धावता तेव्हा एक कायनेज दुसऱ्याला जागं करतं आणि निरोप साखरेपर्यंत पोचतो. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी गर्टी गेली, तेव्हा या शोधाचा आवाका कुणालाच कळला नव्हता. क्रेब्स आणि फिशरला नोबेल मिळालं ते १९९२ मध्ये.

आज माणसात ५००हून जास्त कायनेज माहीत आहेत. पेशीनं वाढावं, थांबावं की मरावं, या निरोपांत त्यांचा हात असतो. म्हणूनच एखादं ऑन अवस्थेत अडकलं की पेशी वाढतच सुटतात. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये नेमकं हेच होतं. ते अडकलेलं कायनेज बंद करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि जीवघेणा आजार अनेकांसाठी गोळी घेऊन जगण्याजोगा झाला.

आणि मायलोफायब्रोसिस? २००५ मध्ये कळलं, की त्याच्या जवळपास निम्म्या रुग्णांत जॅक-२ नावाच्या कायनेजमध्ये बिघाड असतो. गर्टीच्या काळात हे तपासायची सोयच नव्हती. २०११ मध्ये रुक्सोलिटिनिब हे औषध आलं. ते आजार मुळापासून घालवत नाही, पण वाढलेली प्लीहा लहान करतं, त्रास कमी करतं. ते रोखतं कायनेजनाच. म्हणजे गर्टीनं ज्या एन्झाइमचं कोडं अर्धं सोडलं, त्याच्या उत्तरातून निघालेली वाट तिच्याच आजाराच्या औषधापर्यंत पोचली. तिला मात्र ५४ वर्षांचा उशीर झाला.